रेशमावर रंग: आधी पाण्याला बांध

पहिल्या दिवशी चित्र काढायचं नाही. पांढऱ्या रेशमाचा हातरुमालाएवढा तुकडा भरतकामाच्या रिंगमध्ये ताणून बसवायचा, ब्रश रंगात बुडवून मधोमध नुसता टेकवायचा आणि बघत बसायचं. तांदळाच्या दाण्याएवढा ठिपका डोळ्यांदेखत रुपयाच्या नाण्याएवढा होतो आणि तिथेही थांबत नाही. माझ्याकडे ठाण्याच्या नौपाड्यात शिकायला येणाऱ्या बहुतेकींचा इथेच पहिला "अय्या!" निघतो. कागदावर रंग आपण नेऊ तिथे जातो, रेशमावर तो पाण्याच्या मागून धावतो. त्यामुळे या कलेत ब्रशाचा हात दुय्यम. पाणी कुठे अडवायचं, किती सोडायचं आणि कधी थांबवायचं हे कळलं की चित्रकलेत शाळेत जेमतेम पास झालेली माणसंही सुंदर स्कार्फ करतात. भाताच्या खाचराला बांध घालतात ना, तेच काम इथे बोटभर जागेत करायचं असतं.

आता रंगाबद्दल. दुकानात 'फॅब्रिक कलर' म्हणून मिळणाऱ्या बाटल्यांमध्ये बहुतेक वेळा अॅक्रिलिक असतं. ते कापडावर थर होऊन बसतं, रेशीम कडक होतं आणि त्याची झळाळी मरते. आपल्याला हवा धाग्याच्या आत शिरणारा रंग, म्हणजे डाय. रेशीम हे केसासारखंच प्रथिन आहे. आम्लाच्या सान्निध्यात त्याच्यावर धन प्रभार येतो आणि अॅसिड डायचे ऋण प्रभाराचे कण त्याला चिकटतात. 'अॅसिड' या शब्दाला घाबरू नका, ते आम्ल म्हणजे स्वयंपाकघरातलं पांढरं व्हिनेगर. १८५६ साली लंडनमध्ये अठरा वर्षांच्या विल्यम पर्किनला क्विनाइन बनवता बनवता अपघाताने जांभळा रंग सापडला, तो पहिला कृत्रिम डाय. त्यानेही तो आधी रेशमावरच लावून पाहिला होता. रेशीम रंग किती हावरटपणे पितं ते तेव्हापासून माहीत आहे.

वाफेने पक्का होणारा तयार द्रवरूप सिल्क डाय मिळाला तर उत्तम. नाही तर अॅसिड डायची पूड घ्या: २ ग्रॅम पूड १०० मिली उकळत्या पाण्यात विरघळवायची, गार झाली की एक चमचा व्हिनेगर घालायचं आणि पातळ सुती कापडातून गाळून बाटलीत भरायची. न गाळलेल्या रंगातला एखादा कण नेमका फिकट आकाशात जाऊन फुटतो. पूड हाताळताना तोंडाला मास्क, हातात ग्लव्हज आणि पंखा बंद. पिवळा, किरमिजी, निळा आणि काळा एवढे चार पुरतात. पांढरा रंग या कलेत नसतोच, पांढरं म्हणजे न रंगवलेलं रेशीम. फिकट हवं तर पाणी घाला. ते पाणीसुद्धा बघून घ्या. आमच्या घोडबंदर रोडच्या मैत्रिणीकडे टँकर येतो त्या दिवशी तिचा निळा मळकट दिसतो. जड पाण्यातले क्षार रंगाला मारतात. शंका असेल तर फिल्टरचं पाणी वापरा, लागतं किती, पेलाभर.

कापड घेताना

सुरुवातीला हवं साधं, पातळ, गुळगुळीत विणीचं पांढरं तुतीचं रेशीम. जगभर त्याला हाबोताई म्हणतात, आपल्याकडे काही दुकानांत 'चायना सिल्क' म्हणतात. त्याचं वजन 'मोमे'मध्ये मोजतात आणि १ मोमे म्हणजे चौरस मीटरला साधारण ४.३ ग्रॅम. ५ मोमेचं फार झिरझिरीत, त्यावर रंग हाताबाहेर धावतो. ८ मोमेचं, म्हणजे चौरस मीटरला ३५ ग्रॅमच्या आसपासचं, शिकायला अगदी बरोबर. क्रेप आणि जॉर्जेटच्या सुरकुत्यांत रेषा तुटते, टसरचा स्वतःचा मातकट रंग प्रत्येक छटेत मिसळतो. दोन्ही पुढच्या वर्षी.

मुंबईत मंगलदास मार्केटला गेलात तर रंगवण्यासाठीचं पांढरं कापड ठेवणारे गाळे विचारा. ठाण्याहून सीएसएमटीची लोकल पकडायची आणि स्टेशनवरून चालत जायचं. नवी मुंबईकरांनी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये प्रदर्शन असेल तेव्हा एक चक्कर मारावी. घ्यायचं नसलं तरी निरनिराळ्या प्रांतांचं रेशीम बोटांनी चाचपायला मिळतं, आणि हे शिक्षण व्हिडिओ बघून होत नाही.

मात्र 'प्युअर' या शब्दावर विसंबू नका. माझं पहिलं तीन मीटर एका दुकानातून 'शंभर टक्के प्युअर' म्हणून आलं. घरी येऊन रंग टेकवला तर तो पसरायलाच तयार नाही. अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा गोळा होऊन राहिला. कडेचा धागा काढून चिमट्यात धरला, काडी लावली. तो वितळून आक्रसला आणि टोकाला काळा टणक मणी राहिला. पॉलिएस्टर. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो, ज्योत काढली की ते बहुधा आपोआप विझतं आणि राख बोटांत चुरडली जाते. सेंट्रल सिल्क बोर्डाने २००४ मध्ये 'सिल्क मार्क' सुरू केला, त्याचं लेबल असेल तर बरंच. पण मीटरवर कापून घेताना लेबल कुठलं! दोन इंचाचा नमुना मागून घ्या आणि दुकानाबाहेर, आडोशाला, जाळून बघा. त्यात लाजायचं काही नाही.

घरी आणल्यावर कोमट पाण्यात दोन थेंब सौम्य साबण घालून धुवा. खळ राहिली असेल तर तिथे रंग पितच नाही आणि मधेच पांढुरके चट्टे उठतात. ओलसर असतानाच इस्त्री करा.

ताणणं

कापड टेबलाला टेकता कामा नये. टेकलं तिथे खालून रंग ओढला जातो आणि डाग पडतो. छोट्या तुकड्याला भरतकामाची रिंग चालते. स्कार्फसाठी लाकडी चौकट लागते. सुताराकडून चार पट्ट्या मारून घ्या किंवा फोटोची जुनी मोठी फ्रेम वापरा, फक्त कडांना सेलोटेप लावा म्हणजे पॉलिशचा रंग लागत नाही. बाहेरून येणारे तीन टोकांचे खास हुक महाग पडतात. मी सेफ्टी पिन कापडाच्या अगदी कडेला टोचते, तिच्यात रबरबँड अडकवते आणि रबरबँडचं दुसरं टोक चौकटीच्या पुशपिनला. असे सगळ्या बाजूंनी, वितीवितीवर. रेशीम ओलं झालं की सैल पडतं, तेव्हा रबर आपोआप ते ताणून धरतं. बोटाने टिचकी मारली तर डफासारखा हलका आवाज यायला हवा.

बांध

हा या कलेचा गाभा, इथे घाई करू नका. रंग अडवणाऱ्या रेषेला 'गुट्टा' म्हणतात आणि रेषेने आकार बंदिस्त करून आत रंग भरायच्या पद्धतीला फ्रेंच नाव आहे 'सर्टी'. मूळ गुट्टा हा मलाया भागातल्या एका झाडाचा चीक, गट्टा-पर्चा. एकोणिसाव्या शतकात समुद्राखालच्या तारेच्या केबलवर पाणी शिरू नये म्हणून तोच लावत, आणि आज डेंटिस्ट रूट कॅनॉल करताना तुमच्या दाढेत भरतो तोही तोच. पाण्याला आत येऊ न देणं हे त्याचं पिढीजात काम. तो पातळ करायला मात्र ज्वालाग्राही द्रावक लागतं. वन बीएचके फ्लॅटमध्ये, शेजारी गॅस चालू असताना तो नकोच. पाण्यावर आधारलेला गुट्टा घ्या, रंगकाम झाल्यावर तो कोमट पाण्यात निघून जातो. बाटलीला बारीक नळी नसेल तर मेंदीचा रिकामा कोन भरा आणि टोक सुईएवढं कापा. ज्यांचा मेंदीवर हात बसलेला आहे त्यांना ही पायरी अर्ध्या तासात येते. ब्रशवाल्या चित्रकारांना वेळ लागतो, असा माझा अनुभव.

नक्षी कुठली? नवी मुंबईकर हमखास फ्लेमिंगो मागतात. खाडीत अग्निपंखांचे थवे उतरतात ते इतके देखणे की मोह होणारच. पण त्या काडीसारख्या पायांच्या दोन रेषांमध्ये रंग भरणं नवशिक्याला रडवतं. पहिलं चित्र अळूच्या पानाचं करा. बाहेरची कड एकसंध, मधून एक जाड शीर, तिच्यातून दोन्ही बाजूंना फाटे आणि मध्ये आपोआप तयार झालेले मोठमोठे बंद कप्पे. बांध घातलेली शेतंच. पावसाळ्यात ठाण्यात कुठल्याही नाल्याकडेला नमुना फुकट मिळतो.

कागदावर ठळक रेषेत पान काढा, तो कागद ताणलेल्या कापडाखाली धरा आणि पुसट पेन्सिलने हलक्या हाताने उतरवून घ्या. मग गुट्टा. कोनाचं टोक कापडाला टेकलेलं, हात सावकाश आणि न थांबता. उचलून पुन्हा सुरू करावं लागलं तर आधीच्या रेषेवर थोडं चढवून सुरू करा. शिरांचे फाटे कडेच्या रेषेला खरोखर जाऊन भिडले पाहिजेत. 'जवळजवळ भिडले' म्हणजे भिडले नाहीत. रेषा नुसती वर बसून चालत नाही, ती कापडात पार उतरायला हवी. म्हणून पूर्ण झाल्यावर चौकट उचलून खिडकीच्या उजेडासमोर धरा आणि मागून बघा. मागच्या बाजूलाही रेषा अर्धपारदर्शक, ओलसर दिसली तर पक्की. जिथे तुटक दिसते तिथे मागूनच पुन्हा एक रेषा द्या. उन्हाळ्यात ती तासाभरात वाळते. जुलैत सकाळी काढलेली रेषा संध्याकाळीसुद्धा बोटाला चिकटते, आणि ओल्या बांधावर रंग सोडला की बांधच वाहून जातो.

गुट्टा मिळालाच नाही तर मेण वापरता येतं, पण ते थेट आचेवर कधीही वितळवू नका, पेट घेतं. गरम पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून वितळवा.

रंग सोडणं

मी मुद्दाम 'भरणं' म्हणत नाही. गोल, मऊ, पाणी धरणारा ब्रश रंगात बुडवा, बाटलीच्या कडेला एकदा निथळवा आणि कप्प्याच्या मधोमध टेकवा. कडेपर्यंत नेऊ नका, रंग स्वतः चालत जाऊन बांधापाशी थांबतो. फार छोटा कप्पा असेल तर ब्रश अर्धा कोरडा करून घ्या. भरलेला ब्रश रेषेलाच टेकवला की पाण्याचा लोंढा बांध ओलांडतो. आधी फिकट, मग गडद. पानाच्या एका कप्प्यात पिवळसर हिरवा सोडून तो ओला असतानाच शिरेच्या बाजूला गडद हिरव्याचा एक थेंब द्या. दोघं आपसात सरकत जातात आणि तुम्ही काही न करता पानाला उठाव येतो.

हिरवा घरी मिसळलेला असेल तर आणखी एक गंमत दिसेल. त्याची कड निळसर होते आणि मध्यभाग पिवळट राहतो, किंवा याच्या उलट. रंगाचे घटक पाण्याबरोबर वेगवेगळ्या अंतरापर्यंत प्रवास करतात. शाळेत शाईचा ठिपका टिपकागदावर फाकवून बघितला होता, तोच प्रकार. काळा तर बहुधा फुटतोच आणि कडेला जांभळट किंवा तपकिरी झालर देतो. आवडली तर ठेवा. नको असेल तर ब्रशावर कमी पाणी घ्या.

खरी परीक्षा पार्श्वभूमीची. मोठ्या मोकळ्या जागेत रंगाची कड वाळली की तिथे गडद रेघ उमटते, भिंतीवरच्या ओलीच्या डागासारखी, आणि ती काही केल्या जात नाही. म्हणून लागेल असं वाटतं त्याच्या दीडपट रंग आधीच कालवून ठेवा, कारण तीच छटा पुन्हा जमत नाही. पंखा बंद करा. मोठा ब्रश किंवा स्पंजचा तुकडा घ्या आणि पानाच्या एका बाजूने सुरू करून दोन्हीकडून आळीपाळीने पुढे सरका, म्हणजे दोन्ही कडा ओल्या राहतात. फोन आला तर वाजू द्या. ठाण्याच्या दमट हवेचा इथे मात्र फायदाच आहे. कड हळू वाळते, हाताशी चार मिनिटं जास्त मिळतात.

रंग बांधाबाहेर फुटलाच तर ताबडतोब कोरड्या कापसाने टिपून घ्या आणि त्या जागेवर पुन्हा गुट्टा द्या. वाळलेला डाग खोडायला काही नाही. माझ्या पहिल्या पानाची डावी कड फुटली होती. तिथे मी अजून एक लहान पान काढलं. आता लोक त्याच पानाचं कौतुक करतात आणि मी गप्प बसते.

मीठ

पार्श्वभूमी एकसारखी जमत नसेल तर जाडं मीठ हा सोपा आणि, माझ्या मते, थोडा जास्तच लाडावलेला उपाय. आपल्याकडे भांडुप-मुलुंडच्या बाजूला खाडीकाठी मिठागरं होती, त्यामुळे खडे मीठ ही आपल्या घरचीच गोष्ट. रंगाची ओली चकाकी उतरायला लागते त्या क्षणी खडे लांब-लांब टाका. मीठ ओलावा आणि रंग आपल्याकडे ओढतं आणि खड्याभोवती फुलासारख्या, शेवाळ्यासारख्या रेघा उमटतात. डबडबलेल्या कापडावर टाकलंत तर मीठ विरघळून नुसता चिखल होतो. वाळलेल्यावर टाकलंत तर काहीच होत नाही. पावसाळ्यात मिठाला आधीच पाणी सुटलेलं असतं, तेव्हा तव्यावर कोरडं परतून गार करून वापरा. पूर्ण वाळेपर्यंत चौकट हलवायची नाही, नंतर सगळे खडे झटकायचे. एखादा राहिला तर वाफवताना ओला डाग देतो. सर्जिकल स्पिरिटचा थेंब याच्या उलट वागतो. तो रंगाला बाहेर ढकलतो आणि मध्ये फिकट चांदणी उरते. दोन्ही एकाच स्कार्फवर वापरू नका, देव्हाऱ्यात दोन घंटा एकदम वाजवल्यासारखं होतं.

वाफ

आतापर्यंत रंग धाग्यात नुसता पाहुणा आहे. वाफेशिवाय तो राहायला येत नाही. हे न ऐकता मी पहिला स्कार्फ केवळ इस्त्री करून गळ्यात घातला होता. गावदेवी मैदानापाशी पावसाची सर आली आणि घरी पोचेपर्यंत पांढऱ्या कुर्त्याच्या गळ्यापासून पोटापर्यंत हिरवे ओघळ.

घरात वाफेला मोदकपात्रासारखं भांडं नाही. पण एकदा रंगाला वापरलं की ते स्वयंपाकातून कायमचं बाद. आमच्याकडचं जुनं अॅल्युमिनियमचं पात्र मी मागितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "ने गं बाई, पण चतुर्थीला मला नवं हवं." तसं त्यांना नवं स्टीलचं आलं आणि जुन्यावर मी ऑइलपेंटने 'रंग' असं ठळक लिहून टाकलं.

रंगवलेलं रेशीम किमान रात्रभर वाळू द्या. जुनी सुती साडी किंवा कोरा न्यूजप्रिंट कापडापेक्षा चार बोटं मोठा घ्या. छापील वर्तमानपत्र नको, शाई उतरते. त्यावर रेशीम पसरून सगळं मिळून सैलसर गुंडाळा, रेशमाचा एक पदर दुसऱ्याला कुठेच भिडता कामा नये. मग ती गुंडाळी गोगलगाईसारखी वळवून दोऱ्याने बांधा. पात्रात दोन इंच पाणी, जाळी पाण्यापासून चांगली वर, जाळीवर घडी केलेलं फडकं, त्यावर गुंडाळी. तिच्यावर अॅल्युमिनियम फॉइलची सैल टोपी उताराची करा आणि झाकणाला आतून जाड टॉवेल बांधा. हे सगळं एका शत्रूसाठी: झाकणाखाली साठणारे थेंब. मोदकावर थेंब पडला तर मोदक चिकट होतो, रेशमावर पडला तर पांढरट गोल डाग पडतो आणि तिथला रंग वाहतो.

पाण्यात एक रुपयाचं नाणं टाकून ठेवा. पाणी उकळतंय तोवर ते खुळखुळतं, आवाज थांबला की पाणी संपत आलं. तेव्हा कडेने उकळतं पाणी घालायचं, गार नाही. अॅसिड डायला ४५ मिनिटं ते एक तास पुरतो. तयार द्रवरूप डायच्या बाटलीवर जास्त वेळ लिहिला असेल तर तोच पाळा, काहींना दोन-तीन तास लागतात. खिडकी उघडी ठेवा, गरम व्हिनेगरचा वास नाकात बसतो. बाहेर काढताना लगेच उलगडा, ओल्या घडीत ठेवू नका. रंग आधीपेक्षा खुललेले दिसतील.

धुणं

एक दिवस तसंच राहू द्या. मग कोमट पाण्यात गुट्टा विरघळेपर्यंत हलक्या हाताने हलवा. पिळायचं नाही, घासायचं नाही. रिठ्याचं पाणी असेल तर फारच छान, नाही तर केसांचा सौम्य शाम्पू. पहिल्या पाण्यात थोडा रंग जाईल, तो जास्तीचा. तीन-चार पाण्यांत ते निवळलं पाहिजे. चौथ्या पाण्यालाही गडद हिरवा उतरत असेल तर वाफ कमी पडली किंवा रंगात व्हिनेगर घालायचं राहिलं, असं समजा. शेवटच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घाला, रेशीम सळसळतं होतं. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, सावलीत पाऊण वाळू द्या आणि ओलसर असतानाच उलट्या बाजूने रेशमाच्या तापमानावर इस्त्री फिरवा. इस्त्रीखालून पान सरळ होत येतं तेव्हा जिथे जिथे बांध होता तिथे पांढरी शीर दिसायला लागते.